"घेऊन तर बघा, काय बिघडतंय?" – बिघडतं, मंडळी!



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. मागे इथे रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी "काका, पुढचा भाग कधी?" असं विचारलं होतं. तो राहू द्या. आजची आठवण चार वर्षांच्या आतली आहे आणि गोड नाही. खरं सांगायचं तर भांडायलाच बसलोय.

निमित्त असं. गणेशोत्सवाच्या तयारीसाठी परवा आमच्या मंडळाची बैठक झाली. एका संध्याकाळी ज्येष्ठांसाठी आरोग्यविषयक कार्यक्रम ठेवायचं ठरलं. उत्तम. वक्ता कोण, तर आपल्याच समाजातला एक होतकरू मुलगा. तो "वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट"चे डबे आणि बाटल्या विकतो. विषय: किडनीच्या आणि डायलिसिसच्या रुग्णांसाठी नैसर्गिक संजीवनी. शिवाय मांडवाच्या खर्चाला त्याच्याकडून घसघशीत वर्गणी. मी हात वर करून म्हटलं, माझा विरोध आहे, लिहून घ्या. त्यावर कार्यकारिणीतले एक जण हसून म्हणाले, "काका, तुम्ही बँकवाले, तुम्हाला सगळीकडे खोटच दिसते. घेऊन बघायला काय बिघडतंय?"

मी उठून घरी आलो. रक्तदाबाची गोळी घेतली. आणि ठरवलं की तोंडानं सांगून भांडण होतं, तर लिहून काढू.

नवीन सभासदांसाठी थोडी ओळख. आमचे पणजोबा होळकर दरबारात कारकुनीसाठी साताऱ्याकडून इंदूरला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. मी बी.कॉम., छत्तीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत, देवास, उज्जैन, खंडवा करत शेवटी इंदूर. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. पण कागद वाचायची सवय आहे आणि कर्ज मागणारा जेव्हा फार गोड बोलतो तेव्हा फाइल दोनदा उघडायची सवय आहे. ही दुसरी सवय मी नेमकी स्वतःच्या घरात वापरली नाही, तीच गोष्ट सांगायची आहे.

आमच्या सौ.ला बावीस वर्षं साखरेचा आजार. हळूहळू किडन्या गेल्या. डाव्या हाताला फिस्टुला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शस्त्रक्रिया करून धमनी शिरेला जोडतात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता येतील अशी जाड शीर तयार होते. तिथं बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. चार वर्षं झाली, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाची पाळी. मी रिक्षा सांगून ठेवलेली असते, ती गरम शाल आणि जपमाळ घेते.

एक हिशेब तुम्हीच करून बघा. आपल्या किडन्या आठवड्याचे १६८ तास काम करतात. मशीन करतं चार-चार तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे बारा तास. चौदातला एक. उरलेले तेरा हिस्से शरीरात जे साचतं ते तसंच साचत राहतं: पाणी, युरिया, फॉस्फरस आणि सगळ्यात घातक म्हणजे पोटॅशियम. त्यातही शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ हे सगळ्यात लांब अंतर. डायलिसिसच्या रुग्णांचे अचानक होणारे मृत्यू या लांब खंडाच्या शेवटी जास्त होतात, हे मोठमोठ्या नोंदींतून दिसलेलं आहे. आमच्या घरात रविवार म्हणूनच सुटीचा वार नाही.

म्हणून पथ्य. बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून द्यायचं. पालेभाजीचंही तसंच. नारळपाणी बंद, केळं बंद, फळांचे रस बंद. इंदूरकरांना वेगळं सांगायला नको, पण हिवाळ्यात सराफ्यातला गराडूसुद्धा बंद. ज्या बाईनं लग्नानंतर पहिल्या थंडीत माझ्याबरोबर उभं राहून दोन प्लेट गराडू खाल्ला, ती आता त्या गल्लीतून जाताना नाकाला पदर लावते. मी तिच्या पथ्याचा चोपडा ठेवतो, लेजरसारखा. रोजचं वजन, पाणी किती, लघवी किती.

असा माणूस फसतो कसा?

प्रेमानं. दुसरं काही नाही. तो मुलगा आमच्या धाकट्याच्या वर्गातला, घरी येऊन पोहे खाऊन गेलेला. आला, हिच्या पाया पडला, शेजारी बसला. "काकू किती सुकल्या हो काका." मग पिशवीतून डबा काढला. हिरवी पावडर: शेवग्याची पानं, गव्हांकुर, स्पिरुलिना आणि आणखी दहा नावं. सोबत एक बाटली, नोनीचा रस, त्यात आवळा आणि बीट. "डायलिसिसमुळे शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो काका, पेशींना गंज चढतो. हे तो गंज काढतं. पूर्ण नॅचरल आहे, साइड इफेक्ट शून्य. घेऊन तर बघा, काय बिघडतंय?"

तीन महिन्यांचा कोर्स. मी चेक लिहिला. हो, मी. पेन्शनच्या खात्यातून, स्वतःच्या सहीनं. हिचं म्हणणं होतं, "डॉक्टरांना विचारायचं का आधी?" मी म्हटलं, "अगं, औषध कुठे आहे, पालाच आहे."

अकराव्या दिवशी, रविवारी रात्री, ही बाथरूमकडे जाताना दारात खाली बसली. पाय उचलत नव्हते. बोलणं नीट, शुद्ध पूर्ण, पण पायात जीवच नाही. मी नाडी धरली, ती इतकी सावकाश की मला वाटलं माझंच बोट चुकतंय. रात्री पावणेबाराला आम्ही दवाखान्यात. ईसीजी बघून तिथला तरुण डॉक्टर धावायलाच लागला. रिपोर्ट आला: पोटॅशियम ७.४. साधारण ३.५ ते ५ असायला हवं. शिरेतून कॅल्शियम, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, तोंडाला वाफेचं मशीन, आणि रात्री दोन वाजता तंत्रज्ञाला घरून बोलावून डायलिसिस.

त्या गडबडीत डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "अंकलजी, कुछ नया शुरू किया है क्या? कोई दवाई, कोई देसी चीज़?" आणि मी म्हटलं, "नहीं।" खोटं बोललो नाही, मंडळी. मला खरंच आठवलं नाही. माझ्या चोपड्यात औषधांचा रकाना होता, जेवणाचा होता, पण त्या डब्याचा कुठेच नव्हता. पहाटे मशीनवर पडल्या पडल्या हिनंच नर्सला सांगितलं, "वो हरा पावडर."

आता बँकेचा माणूस म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. डॉक्टरांनी "यामुळेच झालं" असं लिहून दिलं नाही. ते म्हणाले, पावडर आणि रस दोन्ही दिवसातून दोनदा, अकरा दिवस, वरून लांब खंड. भर नक्की पडली, किती पडली ते सांगता येणार नाही, कारण डब्यावर पोटॅशियमचा आकडाच नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. साखर किती, प्रथिनं किती, कॅलरी किती, सगळं छापलंय. ज्या एका आकड्यावर माझ्या बायकोचा जीव अडकलाय, तो नाही.

नोनीबद्दल नंतर वाचलं. २००० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका किडनीच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली होती. माणूस पथ्य पाळत असल्याचं शपथेवर सांगत होता, तरी पोटॅशियम वाढलेलं. शेवटी कळलं की तो नोनीचा रस पितो. तपासलं तर त्यात संत्र्याच्या रसाइतकं पोटॅशियम. म्हणजे ही माहिती मला कळायच्या वीसेक वर्षं आधी छापून आलेली होती. (गंमत म्हणजे नोनी काही परदेशातून आलेलं अमृत नाही. ती आपली बारतोंडी. तिच्याच कुळातल्या आलच्या मुळांपासून आपल्या माळव्यात एकेकाळी लाल रंग काढायचे, त्यात लुगडी रंगायची. बाटलीत भरून इंग्रजी नाव दिलं की किंमत वाढते.)

आता तुम्ही म्हणाल, एका घटनेवरून एवढा गदारोळ? ठीक. मग मी केलं काय ते सांगतो. भाचीची मुलगी बडोद्याला औषधशास्त्र शिकवते. तिच्या मागे लागलो, तिनं अभ्यास पाठवले, समजावून सांगितले, मी महिनाभर रोज दुपारी वाचत बसलो. त्या मुलाचं बोलणं पहिल्या वाक्यापासून खोटं असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही, हेही कबूल करतो.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही थाप नाही. डायलिसिसच्या रुग्णात तो खरंच जास्त असतो. रक्त बाहेरच्या नळ्यांतून आणि गाळणीतून फिरतं, त्यानं शरीर चिडतं. रक्त वाढवायला शिरेतून लोह देतात, त्यानंही भर पडते. आणि एका पाळीत साधारण १२० लिटर द्रावण गाळणीच्या पलीकडून वाहून जातं, त्यात सी जीवनसत्त्वासारखी पाण्यात विरघळणारी कामाची द्रव्यंही निघून जातात. म्हणून तर डॉक्टर एक साधी जीवनसत्त्वाची गोळी देतातच. स्वस्त असते. तिच्यावर कोणी भाषण ठेवत नाही.

रोगाचं वर्णन खरं म्हणून औषध खरं, असं मात्र होत नाही. आमच्याकडे कर्ज मागायला येणारा नेहमी खरीच अडचण सांगायचा. अडचण खरी होती म्हणून परतफेड व्हायचीच असं नाही.

इस्रायलमध्ये २००० साली हृदयविकार असलेल्या १९६ डायलिसिस रुग्णांवर ई जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. हृदयाचे झटके कमी झाले. आशा वाटली. पण एकूण मृत्यूंत फरक नव्हता, आणि पुढे किडनी कमजोर असलेल्या जास्त रुग्णांना ई देऊन पाहिलं तेव्हा हृदयाला फायदा दिसला नाही. त्याच देशात डाळिंबाच्या रसाचाही वर्षभराचा प्रयोग झाला, शंभरेक डायलिसिस रुग्णांवर. सूज कमी झाली, इन्फेक्शनसाठी भरती व्हायचं प्रमाण कमी झालं. हा अभ्यास विक्रेते आवडीनं दाखवतात. पण त्यांनी रस दिला किती? १०० मिली, तोही डायलिसिसच्याच वेळी, आठवड्यातून तीनदा. म्हणजे आलेलं पोटॅशियम त्याच बैठकीत मशीन काढून नेईल, अशी व्यवस्था करून. घरी रविवारी सकाळ-संध्याकाळ ग्लास भरून नाही. विक्रेता निकाल सांगतो, अट सांगत नाही. कर्जाच्या कराराचं पहिलं पान वाचून सही करण्यासारखं आहे हे.

हळदीचंही असंच. डायलिसिसच्या रुग्णांना फार खाज सुटते, ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याला ते रात्रीचं खाजवणं माहीत आहे. इराणमध्ये एका छोट्या प्रयोगात हळदीनं खाज कमी झाली. छान. पण हळदीत ऑक्सलेटही भरपूर असतं, आणि हळदीच्या कॅप्सूल महिनोन्महिने घेऊन किडनीत ऑक्सलेटचे खडे साचल्याच्या हकिगती वैद्यकीय मासिकांत आलेल्या आहेत. सी जीवनसत्त्वाचं तेच, जास्त झालं की शरीरात त्याचं ऑक्सलेट होतं, निरोगी माणूस ते लघवीवाटे टाकतो, आमच्या हिला लघवीच होत नाही. मग आवळ्याचा अर्क एकवटून रोज देणं हे टॉनिक की साठा? फोडणीतल्या चिमूटभर हळदीबद्दल मी बोलत नाही. त्या हळदीवर आमचे पणजोबा ऐंशी वर्षं जगले. अर्क, कॅप्सूल, पावडर यांबद्दल बोलतोय.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते एका औषधाच्या गोष्टीनं. लवंगेत आणि ऑलिव्हच्या पानांत ओलेनोलिक ॲसिड नावाचं द्रव्य असतं. त्यात फेरफार करून शास्त्रज्ञांनी बार्डॉक्सोलोन नावाचं औषध बनवलं, शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करणारं. मधुमेह आणि चौथ्या टप्प्यातला किडनीचा आजार असलेल्या, म्हणजे डायलिसिसच्या अलीकडच्या, दोन हजारांहून जास्त रुग्णांवर प्रयोग सुरू झाला. आकडे सुधारले! किडनीची गाळण्याची क्षमता रिपोर्टवर वाढलेली दिसली. आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय निकामी होऊन भरती होणारे जास्त निघाले.

ज्यांनी बँकेत ३१ मार्च काढलाय त्यांना हे लगेच कळेल. त्या एका रात्रीसाठी ठेवी आणायच्या, ताळेबंद सजवायचा, १ एप्रिलला ठेवी परत. आम्ही त्याला विंडो ड्रेसिंग म्हणायचो. शाखेचा आकडा उत्तम, शाखा मात्र तितकीच आजारी. सप्लिमेंटच्या माहितीपत्रकात "अमुक मार्कर इतक्या टक्क्यांनी घटला" असं असतं. मार्कर ही ३१ मार्चची ठेव आहे. मला विचारायचं आहे: माणूस जास्त जगला का? दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या का? २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं किडनीच्या रुग्णांवरचे अँटिऑक्सिडंटचे ९५ अभ्यास, दहा हजारांवर रुग्ण, एकत्र तपासले. किडनी पूर्ण निकामी होणं कदाचित थोडं लांबत असेल असं निघालं, हेही सांगतो, लपवत नाही. पण मृत्यू कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही, इन्फेक्शन आणि हृदय निकामी होणं वाढत असावं अशी शंका मात्र नोंदवली गेली. आणि डायलिसिसवरचे रुग्णही त्या अभ्यासांत बरेच होते. म्हणजे ज्यांच्यासाठी आपल्या मांडवात भाषण होणार आहे, तेही जास्त जगल्याचा पुरावा नाही, छातीठोकपणा मात्र सगळ्यात जास्त.

"पण नैसर्गिक आहे ना?" हा प्रश्न मला गेल्या चार वर्षांत किमान पन्नास वेळा विचारला गेला. कमरख आठवतंय? शाळेसमोर गाडीवर, चांदणीसारखं कापून, तिखट-मीठ लावून. आपण सगळ्यांनी खाल्लंय. ब्राझीलच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हेच फळ डायलिसिसच्या रुग्णाला विष आहे. आधी उचक्या लागतात, त्या थांबत नाहीत, मग भ्रम, मग झटके, काही माणसं गेली. २०१३ मध्ये त्यांनी त्यातलं विषारी द्रव्यही वेगळं काढून दाखवलं. आपली किडनी ते बाहेर टाकते म्हणून आपल्याला काही होत नाही. कमरखला झाड आहे, फूल आहे, अँटिऑक्सिडंटसुद्धा भरपूर आहेत. आणि १९९३ मध्ये ब्रुसेल्सला वजन कमी करायच्या गोळ्यांतल्या एका वनस्पतीमुळे धडधाकट बायकांच्या किडन्या गेल्या, ते तर जगभर गाजलं. तीही जडीबुटीच होती.

इथं काही जण म्हणतील, काका आयुर्वेदाच्या विरोधात गेले. मुळीच नाही. आमच्या आत्याचे यजमान नामांकित वैद्य होते. त्यांच्याकडे गेलं की आधी अर्धा तास चौकशी: झोप, शौच, भूक, काय खाल्लं, काय चालू आहे. पथ्य आधी सांगायचे, पुडी नंतर द्यायचे, आणि कितीदा तरी "तुला औषध नको, जा" म्हणून परत पाठवायचे. ज्यानं माझ्या बायकोची नाडी बघितली नाही, रिपोर्ट मागितला नाही, "लघवी होते का" एवढंही विचारलं नाही, आणि मधुमेहापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यांना एकच डबा दिला, त्याला वैद्य म्हणणं हा आत्याच्या यजमानांचा अपमान आहे.

कायद्याचंही सांगतो, कारण बैठकीत कोणीतरी "सरकारमान्य आहे" म्हणालं. डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे, खरं आहे. तो फरसाणाच्या पाकिटावरही असतो. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, औषधाचा नव्हे. अशा डब्यांवर "औषधी वापरासाठी नाही" असं छापणं २०१६ च्या नियमांनी बंधनकारक आहे. माझ्या डब्यावरही होतं, बारीक अक्षरात, तळाशी, भिंग लावल्यावर दिसलं. आणि १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्यातल्या आजारांच्या यादीत "ब्राइट्स डिसीज" हे किडनीच्या आजाराचं जुनं नाव आहे. म्हणजे डब्यावर छापता येत नाही, जाहिरातीत म्हणता येत नाही, म्हणून ते तोंडानं सांगायचं. कुठे? हळदीकुंकवात, वाढदिवसाला, आणि आता गणपतीच्या मांडवात. तिथं कोण लिहून घेतो?

हेच मला झोंबतंय. बाहेरचा माणूस विकायला आला असता तर आपण दारातूनच कटवलं असतं. आपण महाराष्ट्रापासून लांब राहिलेली माणसं. चार पिढ्या झाल्या, भाषा, गणपती, दिवाळी अंक, संक्रांतीचं वाण, हे सगळं एकमेकांच्या विश्वासावर टिकवलं. कोणाकडे मुलगी द्यायची, कोणाला भाड्यानं खोली द्यायची, "आपला माणूस आहे" एवढ्या शब्दावर ठरलं. नेमका तोच शब्द आता साखळी-विक्रीचं भांडवल झालाय. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला वरच्यानं टार्गेट दिलंय, घरी दोन लहान मुलं आहेत, आणि तो स्वतःसुद्धा ती पावडर घेतो. त्याचा विश्वास आहे. म्हणून तर तो जास्त धोक्याचा आहे.

पैशाचं बोललं पाहिजे, कारण ते कोणी बोलत नाही. डायलिसिस सेंटरमध्ये आमच्या शेजारच्या पलंगावर एक गृहस्थ असत, आपल्यातलेच, नाव सांगत नाही. आठवड्याला तीन पाळ्या सांगितलेल्या, ते दोनच घेत. मला वाटायचं परवडत नसेल. एकदा त्यांच्या मुलानं सांगितलं, महिन्याला सहा हजारांचे डबे येतात, "त्यानं हळूहळू डायलिसिस कमी होईल असं सांगितलंय." तिसऱ्या पाळीचे पैसे डब्यात जात होते. रक्त वाढवायचं इंजेक्शन "परवडत नाही" म्हणून पुढे ढकललेलं. जेवताना घ्यायच्या फॉस्फरसच्या गोळ्या अर्ध्या केलेल्या. ज्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे ते महाग वाटतं, आणि ज्याचा नाही त्यासाठी चेक फाडतो. आता ते गृहस्थ नाहीत. डब्यांमुळे गेले असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही. पण तिसरी पाळी त्यांना मिळायला हवी होती.

मग खायचं काय, असं काही भगिनींनी विचारलंय. मी सांगणारा कोण, पण आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. डायलिसिसच्या माणसाला प्रथिनं उलट जास्त लागतात, हे आम्हाला पहिले सहा महिने माहीतच नव्हतं, आम्ही डाळसुद्धा बंद केली होती आणि ही वाळत चालली होती. आता आहारतज्ज्ञ बाईंनी आखून दिल्याप्रमाणे घरचं पनीर, अंड्यातला पांढरा भाग (हो, आमच्या सोवळ्या घरात, देवघराकडे पाठ करून खाते), मोजकी डाळ. फळही चालतं, सफरचंदाची फोड, पेरूचा लहान तुकडा, दर महिन्याचा रिपोर्ट बघून. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या डायलिसिस रुग्णांची एक मोठी पाहणी २०१९ मध्ये आली, तिच्यात भाज्या-फळं बऱ्यापैकी खाणारे जास्त जगलेले दिसले. पाहणीच ती, प्रयोग नाही, तरी झाडपाला आपला वैरी नाही एवढं नक्की. ताटातली भाजी मोजता येते, चिरता येते, पाणी टाकून देता येतं. डब्यातल्या पावडरीचं काय करणार?

तर मंडळाला माझं म्हणणं असं, आणि ते मी उद्या लेखी देणार आहे. तो कार्यक्रम रद्द करा. त्याच संध्याकाळी डायलिसिस सेंटरमधल्या एखाद्या अनुभवी नर्सला बोलवा, आहारतज्ज्ञांना बोलवा, अवयवदानावर कोणाला तरी बोलवा. वर्गणीची जी खोट येईल ती माझ्या पेन्शनमधून दोन हप्त्यांत भरतो, पावती फाडा. आणि ते मान्य नसेल तर भाषणाच्या वेळी मी पहिल्या रांगेत बसणार, माझ्या बायकोचा त्या रात्रीचा ईसीजी घेऊन, आणि प्रश्नोत्तरांत एकच प्रश्न विचारणार: या चमच्यात पोटॅशियम किती?

ज्यांच्या घरी रुग्ण आहे आणि डबा चालू आहे, त्यांनी कृपा करून माझ्यावर रागवा, पण तो डबा उद्या पाळीला जाताना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका. आमचे ओरडले नाहीत. त्यांनी डब्याचा फोटो काढला आणि म्हणाले, "अंकलजी, अच्छा हुआ आंटी ने बता दिया।"

राहिलेले दोन डबे त्या मुलाला परत द्यायला गेलो, तर सील फोडलेलं नसूनही कंपनी घेत नाही म्हणाला. मोरीत ओतले. डबे मात्र चांगले, घट्ट झाकणाचे, म्हणून हिनं धुऊन ठेवलेत. एकात जीरावन आहे, दुसऱ्यात सुपारी. रविवारी सकाळी पोहे खायला कोणीही या. ही आत बसून जप करते, पण बोलायला बाहेर येते. येताना हात हलवत या.